आधी पाणी, मग दोरी

पूर उतरला की सांगलीवाडीत दोन गोष्टी उरतात,
वास आणि गाळ.
लाईट चार-पाच दिवस येत नाही,
म्हणून माझं मशीन पेट्रोलचं.
भूपालनं घेतलं तेव्हा गल्ली हसली होती:
दोन छोटे हत्ती धुवायला एवढी तोफ?

आता सहापासून दारात माणसं.
मशीन द्या की, वहिनी.
मशीन देत नाही, म्हणते, मी येते.
साडी खोचून, पायांत त्याचे गमबूट,
बोटांपुढे चिंध्या कोंबलेले.

पहिल्यांदा तेल. सपाट जागेवर उभं करून
काडी पुसायची, घालायची, परत काढून बघायची.
दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय,
दोरीला हातसुद्धा लावायचा नाही.
मग नळीच्या तोंडाची जाळी.
वाटाण्याएवढा गाळ पुढे गेला तरी पंप गेला.
गंमत बघा, चिखल धुवायला
चिखलाचं पाणी चालत नाही.
टँकरचं लागतं, गाळलेलं, पिण्याजोगं,
आणि रांगेतल्या बायका माझ्या पिंपाकडे बघतात.
मी खाली मान घालून जाळी धुते.

आधी पाणी, मग दोरी.
बंदुकीचा घोडा दाबून धरायचा
फसफस संपून धार सरळ येईपर्यंत.
कोरडा पंप मिनिटभरही चालवायचा नाही.
रिकाम्या पोटी ओरडलं की माणूसपण आतून झिजतो, भाभी,
दस्तगीर मिस्त्री म्हणतो.
त्याचं दुकान मिरजेत, उंचावर, कोरडं.
त्याला सुचतात असली वाक्यं.

हिरवं नोझल भिंतीला, पिवळं शहाबादी फरशीला,
पांढरं गाडीला, काळं साबणाला.
लाल कशालाच नाही.
लालनं एकदा माझा घोटा सोलला,
पाण्यानं, नुसत्या पाण्यानं.
तेव्हापासून ते कुंकवाच्या करंड्यात ठेवलंय.
करंडा तसाही रिकामा होता.

चौगुल्यांची पद्माक्का हाक मारायला आली नाही.
गटारीवरून नऊ वर्षं बोलणं नाही आमच्यात.
नुसती उंबऱ्यात उभी, हातात मोडका खराटा.
सगळी घरं झाल्यावर मी चाकं तिकडे वळवली.
मशीन बाहेरच ठेवलं, घरात नेलं तर धूर माणूस झोपवतो,
लांब नळी तेवढी आत.
दोन हात अंतरावरून, तिरकी धार, वरून खाली.
जवळ गेलं तर भिंत गिलाव्यासकट येते.
गाळाखालून तिचा निळा रंग निघाला,
मग कोनाडा, मग खिळ्याला अडकलेली किल्ली.
मागे बघितलं तर अक्का नळी धरून चालत होती,
पीळ पडू नये म्हणून.
बोलली नाही. मीही नाही.
त्या आवाजात बोलता येतच नाही,
ते एक बरं असतं.

मशीन बंद झाल्यावर मात्र पंचाईत.
घोडा दाबून उरलेला दाब सोडला,
नळी गुंडाळली, कपाळ पुसलं.
शेवटी तीच म्हणाली,
तेल कधी बदलतीस गं?
पन्नास तासांनी.
मोजतीस?
दारामागं पेन्सिलनं रेघा मारते.
पुरात पुसल्या असतील की.
पुसल्या.
मग आता?
आता तू सांग, तुझ्याकडं किती वेळ चालवलं.
दीड तास, ती म्हणाली. लगेच. घड्याळ न बघता.

रात्री परसात, बॅटरीच्या उजेडात
पेट्रोलचा कॉक बंद करते आणि इंजिन चालू ठेवते.
कार्बोरेटरमधलं शेवटचं जळून जाऊ दे,
नाहीतर तिथंच डिंक होऊन बसतं
आणि पुढच्या श्रावणात दोरी ओढून खांदा निखळतो.
आवाज आधी चढतो, मग अडखळतो.
दर वेळी वाटतं, अजून थोडं आहे.
मी जवळच उभी राहते.

मग प्लग काढून चमचाभर तेल आत,
आणि दोरी हळू, अगदी हळू.
जिथं ती जड होते
तिथं थांबायचं.